रेघेवर उभी अक्षरं

बायडाबाईनं पाच वर्षांच्या जयसिंगला चुलीपुढं मांडीवर घेऊन परातीतल्या राखेत मोडी अक्षरं शिकवली, तीही चोरून. शनिवार पेठेतल्या त्या शिलेदाराच्या घरात भाले चार, तलवारी सहा, लेखणी म्हणाल तर एक नाही. शिवाय बाई शिकली की ते नवऱ्याच्या जिवावर उठतं, हे सगळ्या पेठेला पक्कं ठाऊक. तिचा नवरा सोनबा फौजेबरोबर नर्मदेपार गेलेला. उद्या त्याला काही झालं तर खापर फुटणार हिच्याच डोक्यावर. मग शिकवावं कशाला? तर कोऱ्या पोरांना पंतोजी छडीनं सोलून काढतात, असं हिनं ऐकलं होतं.

शाळेत घेण्याआधी मुलगा पारखायला पंतोजी घरी आले. त्यांनी धूळपाटी मांडली आणि आधी रेघ ओढायला सांगितलं. मोडीत आधी वर रेघ, मग तिला लोंबणारी अक्षरं. जयसिंगनं रेघ ओढली ती अगदी खाली, आपल्या गुडघ्यापाशी, आणि तिच्यावर एकेक अक्षर उभं केलं. पंतोजी बघतच राहिले. ही लिपी फिरंग्यांची की भुतांची, असं त्यांनी बायडाबाईच्या सासूबाईंना विचारलं. पोरगं मात्र बोट ठेवून सांगत होतं, हा क, हा ख. पंतोजींनी मान डावीकडे कलती करून पाहिली, उजवीकडे करून पाहिली. शेवटी उठले, पाटीच्या पलीकडे जाऊन बसले आणि पुटपुटत वाचत गेले. एक चूक सापडेल तर शपथ!

दाराआड बायडाबाई गार पडली. माहेरी, हडपसरला, कुलकर्णी तिच्या भावाला शिकवायला यायचे. ही समोर बसून शेंगा सोलायची आणि डोळे पाटीवर. समोरून! म्हणजे सगळं उलटं बघितलं, उलटंच पाठ केलं, आणि तेच लेकराच्या हाती दिलं. अगं बाई, आता काय करावं?

"कुणी रे शिकवलं?" पंतोजींनी विचारलं.

"आईनं, परातीतल्या राखेत," पोरगं म्हणालं.

पंतोजी दाराकडे वळले. "अक्षर वळणदार आहे. शिकवणाऱ्यांना सांगा, परात तेवढी फिरवून धरा." उद्यापासून मुलाला पाठवा म्हणाले आणि पायांत वहाणा सरकवून चालू लागले.

सासूबाई आत आल्या. आता माहेरी धाडणार, या धास्तीनं बायडाबाईनं त्यांचे पायच धरले. सासूबाईंनी पदराची गाठ सोडून घड्यांवर विरलेला कागद काढला. सोनबाचं पत्र. तीन महिन्यांपूर्वी कचेरीतल्या कारकुनानं ते चारचौघांत घाईघाईनं एकदा वाचून दाखवलं होतं. पुन्हा वाच म्हणायची त्या माउलीला लाज वाटली. तेव्हापासून कागद उराशी होता आणि त्यातले शब्द मात्र एकेक करून विसरत चालले होते.

"माझ्या लेकाचं काय व्हायचं ते तिकडं रणात होईल. तुझ्या वाचण्यानं काय होतंय? वाच," सासूबाई म्हणाल्या आणि कागद पुढं केला. "कसा धरू? उलटा?"

बायडाबाईनं तो उलटा धरला. अडखळत, मागं जात, पुन्हा जुळवत तिनं "तीर्थरूप मातोश्री" एवढं वाचलं आणि पुढच्या अक्षराकडे वळली.

सासूबाईंनी तिचा हात धरला. "पुढं नको जाऊस. तेवढंच परत वाच."