प्रॉम्प्टरबाईची जीभ

नाटक मंडळीत सगळे तिला प्रॉम्प्टरबाई म्हणत. विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवण्यात तिची हयात गेली होती, आणि त्यापायी तिला एक खोड जडली होती. कोणी बोलता बोलता अडखळलं, की हिची जीभ पुढचा शब्द टाकून मोकळी! दुकानात, दवाखान्यात, कुठेही. एकदा भाचा एका मुलीला "मला तुमच्याशी..." म्हणून थांबला, तर हिने मागून "लग्न करायचंय" सांगून टाकलं. मुलगी हो म्हणाली म्हणून निभावलं.

त्या दुपारी घरात नुसता धुमाकूळ चालला होता. म्हाताऱ्या मंडळींनी पुन्हा एकदा, बहुतेक शेवटचंच, नाटक करायचं ठरवलं होतं. सगळ्यांनी पेन्शनीतून जमवलेले पैसे प्रॉम्प्टरबाईच्या खात्यात होते, कारण मंडळीत विसराळू नसलेली ती एकटीच. दुसऱ्या दिवशी ते नाट्यगृहाला भरायचे होते. ते गेले तर नाटक गेलं. या वयात पुन्हा कोण कोणाकडे हात पसरणार? तिचा नवरा खलनायकाच्या मिशा चिकटवून आरशात डोळे वटारत होता. साठी उलटलेली नणंद नायिका होती, ती सोफ्यावर बसून लाजायची तालीम करत होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार मॅडम, मी बँकेतून बोलतोय. तुमचं खातं आज संध्याकाळी... आज संध्याकाळी..."

"बंद होणार आहे," प्रॉम्प्टरबाईने पुरवलं.

"हां, बंद होणार आहे! त्यासाठी तुम्हाला..."

"तातडीने."

"तातडीने माहिती द्यावी लागेल."

तिने फोन स्पीकरवर टाकला, हाताने झाकला आणि ती कुजबुजली, "अगं बाई, हा भामटा चक्क वाचून दाखवतोय! कागदाची फडफड ऐका." बँक अशी फोनवर माहिती मागत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आधी भीती घालायची, मग घाई करायची, मग 'कोणाला सांगू नका' म्हणायचं. घासून गुळगुळीत झालेलं नाटक!

आता तुम्हीच सांगा, शहाण्या बाईने फोन ठेवायचा की नाही? ठेवायचाच! पण समोर इतका कच्चा नट सापडल्यावर हिच्याने राहवतंय होय?

"अहो, 'तातडीने'वर जोर द्या," ती म्हणाली. "दळण टाकायला सांगितल्यासारखं काय बोलताय?"

नणंदेने तोंडात पदर कोंबला. नवऱ्याची अर्धी मिशी हसता हसता सुटून लोंबायला लागली.

"तातडीने!" पलीकडून आलं.

"आता कसं! पुढे?"

"पुढे... हे कोणालाही सांगू नका, मॅडम. आणि मोबाइलवर नंबर येईल, तो सांगाल का?"

"शी! विचारताय कसले? विचारलं की माणूस सावध होतो. वाक्य अर्धं सोडा आणि गप्प राहा. समोरचा आपणहून पुरं करतो."

"आमचे साहेबपण असंच म्हणतात," तो कौतुकाने म्हणाला. यावर तिघांचीही हसून मुरकुंडी वळली. नवरा तर खुर्चीवरून खालीच बसला.

फोन टुंगकन वाजला. ओटीपी आला होता, आणि त्याखाली 'कोणालाही सांगू नका' असं स्वच्छ लिहिलेलं. हिचा कार्ड नंबर त्या मेल्याच्या हाती कसा लागला, देव जाणे.

"मॅडम, ऐका हं." आता त्याचा आवाज एकदम खाली आला, शांत झाला. "तुमचं खातं वाचवणारा नंबर तुमच्या डोळ्यांसमोर आहे. तो नंबर आहे..."

आणि थांबला. काय थांबला हो!

"सात," प्रॉम्प्टरबाई म्हणाली. "तीन. नऊ..."

"वहिनी!" नणंद किंचाळली. रंगमंचावर काही बिघडलं की ती मूर्च्छा आल्याचं सोंग करायची. दुसरा उपाय तिला माहीतच नव्हता. तिने "आई गं!" म्हणून जे अंग टाकलं, ते थेट शेजारी बसलेल्या वहिनीवर. दोघी सोफ्यासकट कलंडल्या आणि फोन घसरत कपाटाखाली गेला.

"मॅडम? पुढचे आकडे?" कपाट विचारायला लागलं.

"वन्सं, माझं तोंड दाबा!" प्रॉम्प्टरबाई खालून ओरडली. "सोडू नका, मी सांगेन हो!"

नणंदेने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. नवऱ्याने पालथं पडून काठीने फोन बाहेर ओढला आणि बंद केला.

मग कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर तिने स्वतः बँकेला फोन लावला. तिकडच्या मुलीने सगळं तपासलं. पैसे जागेवर होते. अर्ध्या नंबराने काही होत नाही, म्हणाली. कार्डही तिने लगेच बंद केलं. नवरा आणि नणंद एकमेकांच्या गळ्यात पडून खिदळायला लागले, आणि प्रॉम्प्टरबाईलाही हसू आवरेना.

"पण काकू," मुलीने विचारलं, "तो भामटा आहे हे तुम्हाला कळलं नाही का?"

"कळलं की. पहिल्याच वाक्याला कळलं."

"मग फोन का नाही ठेवलात?"

"मजा येत होती गं," प्रॉम्प्टरबाई म्हणाली, आणि हसता हसता तिला रडूच फुटलं.