बायकांची होडी

सकाळी सकाळीच होडीवाल्या ओडेरोचा निरोप आला, की तुमच्या अविनोला पहिली पाटी माझ्या होडीतून. तो ऐकला आणि आकेयोला चहा जाईना. व्हिक्टोरिया सरोवराच्या त्या किनाऱ्यावर पहिली पाटी म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. होडीवाला बाईला मासळी देतो, बाई ती बोंडोच्या बाजारात विकते, आणि अंधार पडला की त्याच्या खोलीवर जाऊन उपकार फेडते. याला तिथे धंद्याची रीत म्हणतात. डोंबलाची रीत!

नवरा गेल्यावर आकेयोनेही ती मुकाट पाळली होती. कंडोमचं नाव काढलं की पाटी दुसरीच्या डोक्यावर जायची आणि घरात उगाली शिजवायला मक्याचं पीठसुद्धा यायचं नाही. मग नाव काढायचं कसं? एचआयव्ही तिला तिथेच लागला. आता रोजच्या गोळ्यांवर ती चांगली ठणठणीत होती. लग्नात नाचायला उभी राहिली तर तरण्या पोरींना दम लागायचा. पण तिची लेक अविनो आजपासून मासळीच्या धंद्यात उतरणार होती, आणि पोरीच्या वाट्याला हे येऊ नये, एवढं एकच मागणं तिने देवापाशी लावून धरलं होतं.

म्हणून तर तिने आणि सात जणींनी भिशी लावून स्वतःची होडी घेतली होती. बाई होडीत बसली की मासळी पळते म्हणे, म्हणून पगारी गडी ठेवले. त्यांनी संध्याकाळी जाळं टाकायचं, सकाळी ओढायचं. आज नेमके गडी आलेच नाहीत. आदल्या संध्याकाळी जाळं टाकून आल्यावर ओडेरोने त्यांना फुकटची पाजली होती, ते कुठेतरी झिंगून पडले होते. जाळं पाण्यात, होडी वाळूत, आणि समोर ओडेरो चिलापीने भरलेली पाटी घेऊन हसत उभा.

"घे पोरी, लाजतेस काय," तो म्हणाला.

अविनोने आईकडे पाहिलं. आजूबाजूच्या बायका उगाचच आपापल्या पाट्या धुवायला लागल्या. एक अलेगोची लेक तेवढी हलली. ही भिशीतलीच एक, सत्तरीची म्हातारी, पण तिकडे बाईला माहेरच्या गावाच्या नावाने हाक मारतात, म्हणून ती अजून अलेगोची लेकच. तिने झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि होडीला हात लावला.

"ढकला गं," ती म्हणाली. "मासळीला काय कळतंय, वर झगा आहे की चड्डी?"

आणि ढकलली की हो! अविनोही ओडेरोच्या पाटीला हात न लावता होडीत चढली. वल्हं मारायचं एकीला माहीत असेल तर शपथ. होडी घाण्याच्या बैलासारखी जागच्या जागी फिरायला लागली. किनाऱ्यावरचे बापे पोट धरधरून हसत होते. जाळं इकडे नाही, तिकडे आहे, असं एकाने ओरडून सांगितलं, तर अलेगोच्या लेकीने होडीतूनच त्याच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला की तो गर्दीत मागे सरकला. आकेयो आधी होडीचा काठ सोडायला तयार नव्हती, मग तिला हसू आवरेना, आणि हसताना वल्ह्याने शेजारणीला आंघोळ घातली. शेवटी अविनोने पुढे बसून "ओढ, सोड, ओढ, सोड" असा ठेका धरला आणि होडी सरळ निघाली.

जाळं जड लागलं. सगळ्याजणींनी मिळून ओढलं, तेव्हा कुठे चिलापी होडीत थडाथडा उडायला लागली. पळाली नव्हती हो, एकसुद्धा पळाली नव्हती!

परत येताना त्या गात आल्या. अविनोने वाळूतच वल्हं रोवून त्याला तराजू टांगला आणि जो येईल त्याला एकच भाव सांगितला. ते बघून बाप्यांच्या होड्यांपाशी ताटकळलेल्या बायका एकेक करून इकडे सरकल्या. ऊन चढलं. ओडेरोची मासळी तशीच पडून राहिली, वर माश्या बसायला लागल्या. त्याने दोनदा हाक घातली, एकही बाई गेली नाही.

मग अविनो आपणहून उठली. मागोमाग सगळ्या बायका गेल्या, आणि आकेयो जीव मुठीत धरून तिच्या शेजारी.

"तुमची पण घेऊ, काका," अविनो म्हणाली. "सगळ्यांदेखत भाव बोला."

काका म्हटल्यावर ओडेरोचं तोंड बघण्यासारखं झालं. तो काहीतरी पुटपुटला. मला ऐकू कमी येतं, मोठ्याने सांग, असं अलेगोच्या लेकीने बजावलं. ती तर अर्ध्या किनाऱ्यावरची कुजबुज ऐकायची. त्याने खाली मान घालून भाव मोठ्याने सांगितला.

आकेयो वाळूतच बसली आणि हसता हसता रडायला लागली. अविनो घाबरली, काय होतंय म्हणून विचारू लागली.

"काही नाही गं," आकेयो म्हणाली. "ह्याच्याच होडीची मासळी विकून तुला वाढवलं. तिचा पैशातला भाव आज पहिल्यांदा ऐकला."