पोटात खोवलेली फुलं

मी एक जुनी कचऱ्याची हातगाडी आहे आणि मित्रांनो, मी रागावलेली आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

मनिलाच्या उपसागराकाठी आमची कोळ्यांची वस्ती. तासियोने मासळीच्या फुटक्या खोक्यांच्या फळ्यांना सायकलची दोन चाकं जोडून मला बनवलं, आपल्या बायकोसाठी, सेबेलसाठी. गल्ली एवढी अरुंद की समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागे. मी तिच्यात बरोबर मावत असे. दुपारी बाया मासळीबाजारातून परतल्या की सेबेल मला घेऊन निघे. माझ्या पोटात मधोमध फळी होती. एकीकडे खरकटं, ते डुकरं पाळणारे नेत. दुसरीकडे शाम्पूच्या, कॉफीच्या रिकाम्या पुड्या. आमच्याकडे सगळं एका वेळेपुरतंच विकत घेतात, त्यामुळे पुड्यांना तोटा नाही. कुणी सरमिसळ केली की सेबेल दारातच ओरडे, "अगं, डुकराला शाम्पू पाजतेस काय?" बाया हसत, पण पुन्हा निवडून देत. खाडीत काही जात नव्हतं.

मग फ्लोरो वस्तीचा कप्तान, म्हणजे आमचा सरपंच, म्हणून निवडून आला. त्याला मी दरिद्री दिसले. त्याने नवाकोरा ट्रक आणला, हातगाडी बंद केली आणि सेबेलला घरी बसवलं. ट्रक गल्लीत शिरतो कुठे? तो पहाटे मोठ्या रस्त्यावर भोंगा वाजवून निघून जाई आणि त्या वेळी बाया मासळीबाजारात! पिशव्या दारात कुजल्या, मग खाडीत गेल्या, ओहोटीबरोबर समुद्रात गेल्या. तासियोच्या जाळ्यात खेकड्यांपेक्षा पुड्याच जास्त येऊ लागल्या. आणि मला? मला निळा रंग फासला, अंगावर 'समुद्र वाचवा' लिहिलं, मधली फळी उपटली आणि किनाऱ्यावरच्या कप्तानाच्या कचेरीपुढे उभं करून पोटात फुलं खोवली. प्लास्टिकची!

परवा किनारा साफ करायचा समारंभ होता. नवे टी-शर्ट, थर्माकोलच्या डब्यांतलं जेवण आणि फोटोच फोटो. सेबेल ओलं जाळं खांद्यावर टाकून आली आणि तिने ते कप्तानापुढे झटकलं; पुड्यांचा ढीग पडला.

"सेबेलबाई, आज नको हो," तो हसत म्हणाला. "पाहुणे आलेत. तुम्हीपण पोतं घ्या, फोटोत या."

"किनाऱ्यावर शंभर माणसं आणलीत, कप्तान. माझ्या गल्लीत एक गाडी नाही पाठवता येत?"

"रोज ट्रक येतो की!"

"दारात येतो का?"

कप्तान हातातलं रिकामं पोतं घेऊन फोटोवाल्याकडे वळला. सेबेलने माझ्या पोटातली फुलं उपटली आणि त्याच्या रिकाम्या पोत्यात कोंबली. "घ्या. तुमचं पोतं भरलं."

"अहो, ती गाडी सजावटीची आहे!"

"बसा सजवत," म्हणत तिने माझा दांडा धरला.

चाकं गंजली होती. मी करकरत गल्लीत शिरले. आज-उद्या मला हिसकावायला माणसं येतील, येऊ देत. मित्रांनो, समुद्र वाचवायला किनाऱ्यावर जायचं तर जरूर जा. पण आधी आपल्या दारात उभं राहून पाहा, कचरा न्यायला कुणी येतं का? येत नसेल तर भांडा, गप्प बसू नका.

पहिलं दार उघडलं. मधली फळी नसतानाही खरकटं वेगळं आलं, पुड्या वेगळ्या आल्या. सेबेलला ओरडावं लागलं नाही.