कपाटामागची नऊ नावं

लव्हॉनने पहार घालून लोखंडी कपाट भिंतीपासून ओढलं, तर मागे भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली नऊ नावं निघाली. सहावं तिच्या वडिलांचं होतं. एझेल गॅडसन, मार्च १९६१.

मुखवट्याची काच आतून धुकटली. अणुकारखान्याच्या दप्तरी एझेल गॅडसन म्हणजे आवार झाडणारा. या इमारतीत त्याने पाऊल टाकल्याची नोंद नव्हती. आत काही सांडलं की काळ्या माणसांच्या हाती फडकी देऊन पाठवत, पण नोंदवहीत नावं फक्त गोऱ्यांची. म्हाताऱ्याची फुप्फुसं गेली, भरपाईचा अर्ज दोनदा फेटाळला गेला, का तर पुरावा नाही.

२००९च्या मंदीत सरकारने या बंद कारखान्याच्या साफसफाईसाठी पैसा ओतला, तेव्हा टॉवेलच्या गिरणीतून काढून टाकलेल्या लव्हॉनला हे काम लागलं होतं. तो पैसा या शुक्रवारी संपत होता. गुरुवारी इमारत पाडायची आणि शनिवारपासून सगळ्यांनी घरी बसायचं.

आत फोन न्यायची बंदी होती, आणि आतली वस्तू म्हणजे कचरा, तो पुरायचा. पण शंका आली तर हात वर करून काम थांबवायचा हक्क प्रत्येक मजुराला होता. दोन वर्षांत तो कुणी वापरला नव्हता. लव्हॉनने हात वर केला.

मुकादम टिलमन आला. त्याने नावं वाचली. माणूस वाईट नव्हता.

"एक फोटो काढू द्या," ती म्हणाली.

"काम थांबवलंस, आता आधी भिंत मोजावी लागेल. नियमच आहे, बाई."

मोजणीवाली क्रिस्टा यंत्र घेऊन आली. नावांवरून फिरवताच ते किरकिरू लागलं, आणि थांबेचना. एवढा किरणोत्सर्ग असलेली भिंत उघडी ठेवता येत नाही, धूळ उडू नये म्हणून तिथल्या तिथे रंग मारून बंद करायची, असं ती म्हणाली.

लव्हॉनने टिलमनकडे पाहिलं. कॅमेऱ्याची परवानगी यायला उद्या उजाडणार होतं.

"तू हात वर केला नसतास," तो हळूच म्हणाला, "तर कुणी मोजलंच नसतं."

दोघांनी निळा रंग फवारला. टिलमनने अहवालात यंत्रावरचा आकडा लिहिला. नावांसाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. लव्हॉनला रडू आलं, पण मुखवट्यात डोळे पुसता येत नाहीत.

घरी डॅडी खुर्चीत बसले होते, नाकात ऑक्सिजनची नळी. सांगायचं नाही असं ठरवूनही तिने सगळं सांगितलं. त्यांनी फक्त आकडा विचारला. तो तिने दोनदा सांगितला.

"कपाट मागाहून आलं," ते दम घेत म्हणाले. "ती आमची डबा खायची जागा. साहेबानेच दाखवली होती. म्हणाला, इथे बसा, इथे काही धोका नाही."