चादरींत खर्च झालेलं नाणं

जावयाने घरात नाण्यांना मखमलीची गादी दिली होती आणि सासूला बसायला डुगडुगतं स्टूल. आक्काचं हे गाऱ्हाणं जुनंच, पण त्या दुपारी जावई पलंगाखाली शिरून "गेलं, गेलं!" करायला लागला, तेव्हा ते पुन्हा ताजं झालं.

"काय गेलं?"

"माझं चाचणीचं नाणं, आई! सात वर्षं शोधत होतो, तेव्हा कुठे मिळालं."

लेकीने तिला हे दहादा समजावलं होतं. नवं नाणं चलनात आणण्याआधी टांकसाळ थोडे नमुने पाडते, मशीन ते घेतं की नाही हे बघायला. आकार, वजन, धातू सगळं तेच. किमतीच्या जागी फक्त 'चाचणी' लिहिलेलं. त्याने बाजारात काही मिळत नाही, म्हणूनच म्हणे ते मोलाचं. आक्काने यावर कपाळाला हात लावला होता.

नाणेसंग्राहक मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. ते तीन महिने म्हणत होते, नाणं नकली आहे. आज ते येऊन निकाल देणार होते. खरं ठरलं तर प्रदर्शनात पहिली पेटी जावयाची. नाहीतर मंडळभर हसं.

"ठेवलं कुठे होतंत?"

"दाराजवळच्या वाडग्यात. सकाळी चष्मा आणायला गेलो आणि तिथेच विसरलो..."

आक्काने वाडग्यात डोकावून पाहिलं. त्या वाडग्यात कोपऱ्यावरच्या धुलाईच्या मशीनसाठी सुटी नाणी असायची. सकाळीच ती मूठभर उचलून चादरी धुऊन आली होती, चष्म्याशिवाय. नाणं बोटांना कळतं, असा तिचा तोरा.

तेवढ्यात घंटी वाजली. डॉक्टर दारात.

'चुकलं' हा शब्द आक्काने आजवर फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता. तिने मान ताठच ठेवली. "चला दोघेही माझ्याबरोबर. तुमचं नाणं चादरींत खर्च झालंय."

कोपऱ्यावर धुलाईवाल्याने मशीनची पेटी उघडून नाणी टॉवेलवर ओतली. जावयाने भिंग लावलं. तिसऱ्या मुठीत नाणं सापडलं आणि तो गडी चक्क त्या टॉवेलचाच मुका घेऊन मोकळा झाला.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "मशीनने घेतलं हे?"

"न घ्यायला काय झालं? चादरी बघायच्यात का?"

"साहेब, ही बया फार चोखंदळ," धुलाईवाला म्हणाला. "हलकं, वाकडं काही दिलं की लगेच थुंकते."

डॉक्टरांनी ताडून बघायला एक नकली नमुना आणला होता. त्यांनी तो फटीत सोडला. टण्ण! खालून बाहेर. पुन्हा सोडला. पुन्हा टण्ण!

मग जावयाने आपलं नाणं सोडलं. गुडुप. रिकामं मशीन खुशाल घुमायला लागलं.

डॉक्टरांनी आपला नकली नमुना खिशात टाकला. मग हसून म्हणाले, "पहिली पेटी तुमची."

जावई आक्काच्या पाया पडायला वाकला. तिने त्याला दंडाला धरून सरळ केलं.

"जावईबापू, नाणं खरं, पण तुम्ही वेंधळे. तीन महिने भिंगं लावलीत, वाद घातलेत; ज्या मशीनसाठी ते पाडलं, त्याला मात्र एकदाही विचारलं नाहीत. ते काम शेवटी सासूने केलं. आता घरी चला, त्या मखमलीतला हातभर तुकडा कापा आणि माझ्या स्टुलावर घाला. त्याचे पाय आधी ठोका!"