पाच तक्रारी, एक मशीन

चौकशीबाईंना राग फारसा येत नसे, त्यांना प्रश्न पडत. बस स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत बावीस वर्षं बसून लोकांना उत्तरं देणारं माणूस घरी आल्यावर गप्प पडून राहील असं तुम्हाला वाटेल, पण या बाई घरी आल्या की स्वतःचे प्रश्न काढून बसायच्या. दुधाची पिशवी नेहमी कोपऱ्यातच का फुटते, समोरच्यांचा कुत्रा पोस्टमनवर भुंकतो आणि गॅसवाल्यावर का भुंकत नाही, असले. खरं नाव त्यांना होतं, पण ते आता पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं.

तर या बाईंचं कपडे धुण्याचं मशीन बंद पडून सत्तेचाळीस दिवस झाले होते. आता तुम्ही म्हणाल, मशीनच ना, पूर्वी माणसं हातानं धूत नव्हती का? धूत होती. पण या घरात वडील अंथरुणाला खिळलेले. तीन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. डोकं लख्ख, बोलणं मोजकं, फक्त लघवीवर ताबा राहिला नव्हता. डायपरनं अंगावर चट्टे उठत, त्यामुळे दिवसाला तीन चादरी ठरलेल्या, कधी चार. बाईंच्या मनगटांत संधिवात. कपडे पिळायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि बाई रोज पिळत होत्या. संध्याकाळपर्यंत बोटं इतकी आखडायची की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे.

धाकट्या भावानं ते एकदा पाहिलं आणि तिथेच वडिलांच्या खाटेजवळ उभं राहून सांगून टाकलं. "ताई, एक तारखेपर्यंत मशीन सुरू झालं तर ठीक, नाहीतर मी बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवतो. तिथे खाट सांगून ठेवलीय मी."

भाऊ वाईट नव्हता. बहिणीचे हात बघून त्याला रडू यायचं आणि रडता येत नाही म्हणून तो चिडायचा. वडील छताकडे बघत राहिले. वडील आपल्या घरातून जाणार, तेही एका मशीनपायी, हे बाईंना काही केल्या पटेना. एक तारखेला दहा दिवस होते.

मशीनचा विमा होता. विम्याचं पुस्तक बाईंनी कपाटातून काढलं आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. अकराव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं: बिघाड कळवल्यापासून तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर त्याच प्रतीचं दुसरं मशीन द्यावं लागेल. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच फोन लावला.

"मॅडम, तुमच्या तक्रारीला सहाच दिवस झालेत," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"सत्तेचाळीस झालेत."

"सिस्टीममध्ये सहा दिसतात, मॅडम."

तुम्ही-मी असतो तर फोन आपटला असता. निदान मी तरी आपटलाच असता, वर त्या सिस्टीमचा उद्धारही केला असता. बाई थांबल्या. सत्तेचाळीसाचे सहा कसे झाले? कोणी केले? कधी केले? त्यांनी त्या मुलीचे आभार मानले, चष्मा पुसला आणि मोबाइलमधले जुने निरोप एकेक करून वर सरकवत गेल्या.

आणि तिथे गंमत सापडली. त्यांची तक्रार एक नव्हतीच, पाच होत्या. मेकॅनिक चारदा येऊन गेला होता, आणि दर खेपेला जाताना म्हणाला होता, "ताई, मोबाइलवर चार आकडे आलेत, तेवढे सांगा." बाई सांगत. चार मजले चढून आलेला माणूस, त्याला आकड्यांसाठी काय ताटकळत ठेवायचं? आकड्यांखालच्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं: दुरुस्ती समाधानकारक झाल्यावरच हा कोड द्या. कोड दिला की तक्रार बंद. मग दोनतीन दिवसांनी बाईच फोन करत, मशीन अजून बंदच आहे म्हणून, आणि तिकडे कोरी करकरीत नवी तक्रार उघडली जाई. तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून.

बाईंनी कपाळावर हात मारला. "आधी फलक वाचा, मग विचारा" असं बावीस वर्षं लोकांना ऐकवणाऱ्या बाईंनी चार वेळा न वाचता आपल्याच हातानं आपली तक्रार मिटवली होती. चूक आपली, हे त्यांनी मान्य केलं. पण मग त्यांना पुढचा प्रश्न पडला. मेकॅनिकला हे ठाऊक होतं का?

दोन दिवसांनी तो पाचव्यांदा आला. पन्नाशीचा, जाड मिशांचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला. जिना चढून दम लागलेला. खोक्यातून त्यानं मशीनचा नवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड काढला, मशीनचं मागचं झाकण उघडलं, बोर्ड लावून बघितला आणि तसाच बसून राहिला.

"पुन्हा दुसऱ्याच मॉडेलचा," तो म्हणाला. "चौथ्यांदा."

बाई शेजारी स्टूल घेऊन बसल्या. "दादा, असं का होतं? तुम्ही त्यांना योग्य नंबर कळवत नाही का?"

"दर वेळी कळवतो. पण नवी तक्रार आली की जुनीत लिहिलेलं काहीच दिसत नाही. वरचे लोक अंदाजानं पार्ट पाठवतात."

"आणि तक्रार नवी का होते, माहितीय?"

त्याला माहीत नव्हतं. बाईंनी त्याला निरोप वाचून दाखवला, मग पुस्तकाचं अकरावं पान दाखवलं. त्यानं दोन्ही स्वतः पुन्हा वाचलं, ओठ हलवत, सावकाश. त्याच्या चेहऱ्यावरून बाईंना कळलं की या माणसाला तीस दिवसांचं कुणी सांगितलेलंच नाही.

"मला वाटायचं, भेट झाली एवढंच त्या कोडनं कळतं," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटायचं. तुमच्या मोबाइलवर काय दिसतं, दाखवा बघू."

त्यानं दाखवलं. वर मोठं हिरवं बटण, काम पूर्ण. ते दाबलं की कोड मागतं. खाली, बोट नीट नेमावं लागेल एवढं बारीक करडं बटण, काम अपूर्ण.

"हे का नाही दाबत?"

"दाबलं की कारण लिहावं लागतं. मग सुपरवायझरचा फोन येतो, तुमचे अपूर्ण फार झाले म्हणून. पुढच्या आठवड्यात मग लांबलांबच्या खेपा देतात." त्यानं गुडघ्यावरचा पट्टा उगाच घट्ट केला.

कोड तर बाई आता देणार नव्हत्या, पण या माणसाच्या गुडघ्यावर आपलं काम उरकायचं, हेही त्यांना बरं वाटेना. आतल्या खोलीतून वडिलांच्या खोकल्याचा आवाज आला. गॅलरीत तीन चादरी वाळत होत्या, चौथी बादलीत होती. मेकॅनिकनं बादलीकडे पाहिलं, मग बाईंच्या सुजलेल्या बोटांकडे. पाच वेळा घरी येऊन त्यानं ती बोटं आज पहिल्यांदा पाहिली.

"रोजच्या एवढ्या?" त्यानं विचारलं.

"रोजच्या."

त्यानं करडं बटण दाबलं. कारणाच्या चौकटीत एका बोटानं लिहिलं: चौथ्यांदा चुकीचा बोर्ड आला, पहिल्या दिवसापासून बिघाड तोच आहे. मग त्यानं विचारलं, "ताई, हेच कागदावर सही करून देऊ का?" बाईंनी वहीचं पान फाडून दिलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून बाई विमा कंपनीच्या कचेरीत गेल्या. तिथेही खिडकी होतीच, फक्त बाई या खेपेला बाहेरच्या बाजूला होत्या. आतल्या साहेबांनी कागद न बघताच त्यांना पलीकडच्या खिडकीकडे पाठवायचा प्रयत्न केला. आता हा डाव बाईंना नवा होता का? अहो, सुटीच्या आदल्या दिवशी गर्दी आवरेनाशी झाली की त्यांनी स्वतः तो खेळलेला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"साहेब, मला भांडायचं नाही, समजून घ्यायचंय," त्या म्हणाल्या. "पहिल्या चार तक्रारी तुम्ही दुरुस्ती झाली म्हणून बंद केल्यात. त्या चार वेळा काय दुरुस्त झालं, तेवढं मला बघून सांगा."

साहेबांनी नाइलाजानं पाहिलं. बदललेला पार्ट, या रकान्यात पहिल्या तक्रारीला काही नव्हतं. दुसरीला नव्हतं. चौथीपर्यंत सगळा ठणठणाट.

"पण कोड तुम्हीच दिलात ना, मॅडम?"

"दिला. न वाचता दिला, ती माझी चूक. पण माझ्या कोडनं बोर्ड बदलत नाही. तुमच्या पुस्तकात तीस दिवस बिघाड कळवल्यापासून मोजायचे लिहिलेत. बिघाड मी एकदाच कळवलाय, नंतर फक्त तो तसाच असल्याचं कळवलंय." त्यांनी पाच नंबर, तारखा आणि मेकॅनिकचं पान पुढे सरकवलं.

साहेब म्हणाले, नियमात बसत नाही.

"बरं. मग नाही म्हणून लिहून द्या," बाई शांतपणे म्हणाल्या. "खाली तुमचं नाव, सही आणि तारीख. ग्राहक मंचात तक्रारीला तेवढा कागद जोडायचाय मला."

साहेबांनी पेन उचललं. खाली ठेवलं. पुन्हा उचललं. बाई बघत राहिल्या, कारण त्यांना खरंच उत्सुकता होती, हा माणूस आता काय लिहील याची. रांगेतली माणसं चुळबुळ करायची थांबून तेच बघत होती. मग साहेब पाची नंबर घेऊन आत गेले ते अर्ध्या तासानं आले. त्यांच्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं: नवीन मशीन मंजूर, पाच दिवसांत पोच.

पाचव्या दिवशी, शनिवारी मशीन आलं. बाईंनी लागोपाठ दोन खेपा लावल्या आणि मशीनसमोर स्टूल टाकून काचेतून फिरणाऱ्या चादरी बघत बसल्या. कुणी पाहिलं असतं तर वेडी म्हटलं असतं.

रविवारी सकाळी भाऊ आला. मशीन पाहून तो हसला, बहिणीच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग वडिलांच्या खाटेजवळ येऊन खिशातून एक कागद काढला.

"ताई, तू जिंकलीस, मान्य. पण हा बाबांचा रक्ताचा रिपोर्ट बघ. काल आलाय. शरीरात पाणी फार कमी झालंय. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर मूत्रपिंडावर जाईल. तू कमी करतेस असं मी म्हणत नाही, पण एकटीला सगळीकडे नाही गं लक्ष देता येत. तिथे नर्स तासातासाला पाणी पाजतात."

पाणी बाई रोज देत होत्या. घोट दोन घोट घेऊन वडील मान फिरवायचे. वय झालं की तहान कमी होते, असं कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी ते मानलं होतं. जगातल्या कुठल्याही गोष्टीला का म्हणून विचारणाऱ्या बाईंनी हे मात्र विचारलं नव्हतं.

"आता मशीन आलं म्हणून बाबा काय पाणी प्यायला लागणार आहेत का?" भाऊ वैतागून म्हणाला.

"हो," खाटेवरून आवाज आला.

दोघंही वळले. वडील छताकडे बघत नव्हते. ते लेकीच्या हातांकडे बघत होते.

"कमी प्यालो की एखादी चादर वाचायची," ते म्हणाले. "आता दे. तांब्याभर दे."

भावानं रिपोर्टची घडी घातली, खिशात ठेवली आणि तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला. चौकशीबाईंनी वडिलांच्या मानेखाली हात घातला आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. ते पीत होते, थांबत होते, पुन्हा पीत होते. बाईंचे डोळे वाहत होते, पण पेला त्यांनी हलू दिला नाही. तो रिकामा झाल्यावर त्यांनी दुसरा भरला.