गल्लीची एकच चिठ्ठी

सोडत हीच सगळ्यांत न्याय्य पद्धत, याबद्दल प्रणोतीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नाल्याच्या पुरात घरं गेलेली कुटुंबं मदन महलजवळच्या एका शाळेत राहत होती. त्यांच्यासाठी शहरात तीन मैदानांवर पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या होत्या. कोणाला कुठली खोली, ते चिठ्ठी ठरवणार. वशिल्याचं नाव नको. रसायनशास्त्र शिकून नुकतीच पुनर्वसनाच्या कामात शिरलेल्या प्रणोतीनंच ही योजना आखली होती आणि संध्याकाळी चिठ्ठ्या निघायच्या होत्या.

एक गोष्ट मात्र तिला सकाळपासून छळत होती. यातल्या एका गल्लीतले लोक दिवसभर कपड्यांचे गठ्ठे घेऊन या वर्गातून त्या वर्गात काय करतात?

खालच्या वर्गात शकुकाकू पुरातून डोक्यावर वाहून आणलेल्या मशीनवर मरून रंगाच्या बाह्या शिवत होती.

"काकू, ही बाही आता कुठं जाणार?"

"काहून? पाठलाग करता का दीदी तिचा?"

प्रणोतीनं खरंच तेच केलं. वाहत्या पाण्यात रंगाचा थेंब सोडून तो कुठं जातो ते बघावं, तशी ती बाहीमागे निघाली. बाही जिना चढून बळीरामकडे गेली. गळे बसवणारा तो. त्यानं ती कुर्त्याला जोडली. कुर्ता शेजारच्या वर्गात विनीताकडे काज-बटणाला गेला. एक बाही घट्ट बसली म्हणून शकुकाकूकडे परत आली, उसवली गेली आणि चहा निवायच्या आत पुन्हा वर पोचली. बोटं अशी चालत होती की प्रणोतीची नजर मागे पडत होती.

"पण अख्खा सलवार-सूट कोण शिवतं?" तिनं विचारलं.

"गल्ली शिवते," बळीराम सुई तोंडात धरूनच म्हणाला.

प्रणोतीला संध्याकाळची सोडत आठवली. ती धावत खाली आली. "काकू, सोडतीत तुम्ही तीन मैदानांवर फेकले जाल!"

"माहीत आहे न. बाही इकडे, गळा तिकडे. बडा फुहारा बाजारातला शेठ दिवाळीचा माल दुसऱ्या कोणाला देऊन टाकेल."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही घरात माणसं किती ते विचारलं. आम्ही सांगितलं."

प्रणोतीनं तिच्या वरिष्ठाला, सुशांतला गाठलं.

"आता सोडत बदलायची?" तो वैतागला. "एका गल्लीला एकत्र जागा दिली की बाकीचे म्हणतील, यांचा वशिला लागला."

त्याचं चूक नव्हतं.

"मग सगळ्यांनाच मुभा देऊ, दादा. कोणासोबत राहायचं ते लोक ठरवतील. अशा प्रत्येक गटाची मिळून एकच चिठ्ठी. जागा नशिबानंच मिळेल."

"आणि वाईट जागा निघाली तर? अख्खी गल्ली तुझ्या नावानं बोटं मोडेल."

"त्यांनाच विचारते."

गल्ली व्हरांड्यात जमली. बळीरामचे गुडघे दुखायचे. नळाजवळची खोली मिळावी म्हणून तो या सोडतीवर आस लावून होता. सगळे त्याच्याकडे पाहायला लागले.

"मला काय पाहून राहिले?" तो करवादला. "वेगळा राहिलो अन् नळाजवळ निघालो तर गुडघ्यांना आरामच आराम. पण मग हातांनाही आरामच न! टाका एक चिठ्ठी."

संध्याकाळी गल्लीच्या वतीनं शकुकाकूनं चिठ्ठी उचलली. सगळ्यांत लांबचं मैदान, मागची रांग, नळ पार दुसऱ्या टोकाला. प्रणोतीला मान वर करवेना.

"सगळे एकाच रांगेत न, दीदी?"

"हो. भिंतीला भिंत लागून."

"अच्छा! चलो, मशीन उचला."

"शकु, नळ लांब आहे," बळीराम पुटपुटला.

"पाणी मी भरीन तुमचं. पण गळे लटकवून उशीर केला तर तहानलेले ठेवीन, सांगून ठेवते!"

व्हरांड्यात हशा पिकला. विनीतानं इस्त्री पदरात गुंडाळली, दोघांनी मशीन उचललं. बाह्यांचा गठ्ठा कोणाच्या हातात मावेना, तेव्हा शकुकाकूनं तो सरळ प्रणोतीच्या डोक्यावर ठेवला.

"नीट धरा. एकही हरवली तर अख्खी गल्ली अडेल."

दोन्ही हातांनी गठ्ठा सांभाळत प्रणोती त्या लांबच्या मैदानाकडे निघाली.